काशीला सोडलेला गहू

अंदमानला जाऊन आलं की लोक विचारतात पाणी खरंच एवढं निळं असतं का, स्कूबा केलंस का. मला विचाराल तर मी हे सांगू शकते की कुठल्या किचनमध्ये समोसे आणि फ्रेंच फ्राईज एकाच तेलात तळतात आणि कुठे साध्या डोशाच्या आधी त्याच तव्यावर रवा डोसा होऊन गेलेला असतो. दोन वर्षांपूर्वी मला सिलिॲक निघाला, म्हणजे गहू, बार्ली, राय यातलं ग्लूटेन पोटात गेलं की माझंच शरीर माझ्याच आतड्याशी भांडायला लागतं. फॅशन नाहीये ही. रक्ततपासणी झाली, एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासून झाला, तरी सासूबाईंचं एकच, "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही."

तयारी मुलुंडपासूनच सुरू झाली. गिरणीवाल्या काकांना सांगितलं माझे तांदूळ गव्हावर दळू नका, आधी दुसऱ्या कुणाचे तरी तांदूळ काढा आणि मग त्यावर माझे, तर म्हणाले ताई चिमूटभराने काय होतंय. आता चिमटीचा हिशोब असा, की पाकिटावर ग्लूटेन फ्री लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, आणि काकांची चिमूट म्हणजे माझी अख्खी ट्रिप बाथरूममध्ये. शेवटी घरीच मिक्सरला फिरवलं पीठ. बॅगेत मग ते पीठ, नाचणी सत्त्व, राजगिऱ्याचे लाडू, छोटी केटल आणि बिनहिंगाचा चिवडा. (डबीतल्या हिंगात बरेचदा मैदा असतो. हे कळलं त्या दिवशी मी वरणाच्या वाटीकडे बघून रडले होते, खोटं नाही सांगत.) कपडे उरलेल्या जागेत.

चेन्नईमार्गे उतरलो. पोर्ट ब्लेअरचं 2024 मध्ये श्री विजयपुरम झालंय, हॅवलॉक 2018 पासून स्वराज द्वीप आहे, पण आमच्या टूरमधले सगळे अजून जुन्याच नावांनी हाका मारतात. गव्हाचं मात्र उलट, नाव बदललं की त्याला कुणी ओळखतच नाही. पहिल्या सकाळी बुफेवर विचारलं, भैया इसमें गेहूं है? "नहीं मॅडम, ये तो उपमा है." आणि नूडल्स? "मैदा है." शेवयांची खीर? "दूध है मॅडम." मग पोळीकडे बोट दाखवून अभिमानाने म्हणतो, "ये लीजिए, मैदा बिलकुल नहीं, प्योर गेहूं."

त्या संध्याकाळी सेल्युलर जेलमध्ये शो बघत होतो आणि माझ्या पोटात गुरगुरत होतं, पण त्या जागी बसून भूक लागली म्हणायची लाजच वाटली. गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी फेरीने स्वराज द्वीप. म्हटलं इथे तरी मासे खाईन, तर टूरमध्ये सगळे मराठी म्हणून खास आपल्यासाठी सुरमई रव्यात लोळून आली! फ्राईड राईस बघितला तर सोया सॉस, आणि सोया सॉसमध्ये पण गहू असतो हे सांगितल्यावर वेटर माझ्याकडे असा बघायला लागला की या बाईला उन्ह लागलंय. राधानगर बीचवर लोक सूर्यास्ताचे फोटो काढत होते आणि मी शहाळं आणि चार केळी घेऊन बसले होते, विचार करत, की या बेटावर भात पिकतो, नारळ आहेत, मासे आहेत, एवढं सगळं मला चालणारं आहे, आणि गहू बिचारा मेनलँडवरून बोटीने एवढा प्रवास करून येतो तो फक्त मला गाठायला.

नवऱ्याने आयडिया काढली, डॉक्टरचं नको सांगूस, उपवास आहे म्हण. चालली ना! वेगळी कढई, नवीन तेल, कुक स्वतः बघायला आला. फक्त उपवास म्हटल्यावर भात गेला, मासे गेले, आणि दोन्ही वेळा नुसते बटाटे. बाजूला नवरा लॉबस्टर फोडतोय. त्याची आयडिया, लॉबस्टर पण त्याचाच.

रात्री सासूबाई म्हणाल्या, "अगं, सरळ सांग काशीला गहू सोडलाय. माझ्या आत्यांनी कारलं सोडलं होतं, तसंही त्यांना आवडायचं नाही ते."

सकाळी मी तेच सांगितलं. कुक बंगाली होता, त्याने डोळे मिटून हात जोडले. त्याच्या ठाकुमाने, म्हणजे आजीने, गयेला आंबा सोडला होता म्हणे, मरेपर्यंत शिवली नाही. मग विचारतो कौन से घाट पे छोड़ा दीदी, मी काशी फक्त टीव्हीवर बघितलेली, म्हटलं दशाश्वमेध. बस्स. घासलेला तवा, कोरं तेल, मी माझं मिक्सरमधलं पीठ दिलं तर देवाच्या पाटावरचं असावं तसं दोन हातांनी नेलं, आणि त्यात घोळवून तळलेली सुरमई आणि वर भात आणि नारळाच्या दुधातली करी. माझ्या रिपोर्टची फाईल मी मुंबईपासून वाहून आणली होती, ती कुणी उघडून बघितली नाही हो, आणि ज्या घाटावर मी कधी पाय ठेवला नाही त्याच्या पुण्याईवर तीन दिवस जेवले.

निघायच्या दिवशी लॉबीत बॅगा लावत होतो तर कुक स्वतः झाकलेला वाडगा घेऊन आला. वर काजू, मनुका, तुपाचा घमघमाट. "दीदी, आपके लिए भोग बनाया. गेहूं का एक दाना नहीं है इसमें. सिर्फ सूजी."

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने जमिनीकडे. सासूबाई पुढे झाल्या, प्रसादाला नाही म्हणू नये म्हणत वाडगा कपाळाला लावला, आणि फेरीत खिडकीजवळची सीट धरून निवांत, चाटूनपुसून अख्खा संपवला.

"मस्त झालाय हो," म्हणाल्या, "पण तुला कसा देऊ? तू काशीला सोडलायस ना."