गिरणी चालू आहे, पण बंद आहे

गिरणी चालू होती. गव्हावर गहू पडत होता, पट्ट्याचा आवाज कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टॉपपर्यंत जात होता, माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, आणि काखेत शाळूचा डबा घेऊन दारात उभे असलेले एक गृहस्थ मला सांगत होते की गिरणी बंद आहे.

विचारत नव्हते. सांगत होते.

पूर्वपीठिका चार ओळींत उरकतो. सांगलीत आमची पिठाची गिरणी आणि मिरचीचा डंक आहे, आजोबांच्या काळापासून. मोबाइलमधल्या नकाशावर आमच्या नावाखाली कुणीतरी लाल अक्षरांत 'कायमचे बंद' असं लावून दिलं. अशी सूचना कुणीही करू शकतो, आणि कुणी केली ते कळत नाही. पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीवाल्यावर माझा अजिबात संशय नाही, असं मी भेटेल त्याला सांगत असतो.

"बंद कुठं? चालू आहे की!" मी ओरडलो. गिरणीत सगळं ओरडूनच बोलावं लागतं. आमच्या घराण्यात आजवर कुणाला कुणाच्या कानात काही सांगता आलेलं नाही.

गृहस्थांनी डबा खाली ठेवला नाही. मोकळ्या हाताने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "हे बघा. कायमचे बंद. तात्पुरते नव्हे, कायमचे. दोन वेगळे प्रकार असतात."

"अहो काका, मी मालक आहे इथला."

"असाल. मी नाही कुठं म्हणतो?"

"मग मीच सांगतोय ना, चालू आहे म्हणून."

"तुम्ही सांगणारच हो. नोंद काय म्हणते ते महत्त्वाचं."

मग कळलं की काका कोषागारातून निवृत्त झालेले. इतका वेळ मी एका माणसाशी बोलत होतो, आता समोर खातं उभं राहिलं.

"मी दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो," काका म्हणाले. "मी हयात आहे हे मला माहीत असतं. हिलाही माहीत असतं. पण दाखला पोचेपर्यंत कोषागाराला ते माहीत नसतं. आता मला सांगा, पेन्शन कोण देतं? मी देतो की कोषागार देतं?"

"कोषागार."

"मग!"

त्या 'मग'वर माझ्याकडे काही नव्हतं. वर त्यांनी माहितीही पुरवली. २०१४ सालापासून हा दाखला बोटाच्या ठशावर देता येतो, पण त्यांचे ठसे उमटत नाहीत, म्हणून आता ते मोबाइलला चेहरा दाखवतात. "तुम्हीही दाखवा," म्हणाले, आणि माझा चेहरा नीट निरखून, "धुऊन दाखवा."

एवढ्यात त्यांना घरून फोन आला.

"हां, बोल. अगं, बंद आहे... हो, तिथंच उभा आहे... नाही, दळतायत, पण बंद आहे... आवाज गिरणीचाच आहे गं!... कायमची... हो, मालक समोरच आहेत." माझ्याकडे एक नजर. "बरे दिसतायत."

आमच्या गिरणीतल्या पोराने मधे पडायचा प्रयत्न केला. "काका, द्या की तो डबा हिकडं. टाकतो लगेच गव्हावर."

"गव्हावर?" काका दचकले. "छे छे. शाळूवर शाळू असेल तरच देईन. गव्हावर टाकलेल्या पिठाची भाकरी थापताना चिरते."

म्हणजे गिरणी बंद आहे, पण त्या बंद गिरणीत काय कशावर पडतंय याबद्दल त्यांच्या अटी होत्या.

रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "मलासुद्धा मोबाइलवर बंदच दाखवत होतं हो. जाता-येता आवाज यायचा, मी म्हटलं वेल्डिंगवाला आला असेल नवीन." याच बाई माझ्या लग्नात वाढायला होत्या.

शेवटी शाळूचा घाणा लागला आणि काकांनी डबा दिला. पण चिठ्ठी मागून घेतली. नाव आणि वजन आम्ही लिहितोच. त्यांना वर तारीख हवी होती. "उद्या कुणी विचारलं तर माझ्याकडे पुरावा असलेला बरा," म्हणाले. म्हणजे आमची गिरणी अमुक तारखेला चालू होती याचा आख्ख्या सांगलीतला एकमेव लेखी पुरावा सध्या काकांच्या शर्टाच्या खिशात आहे.

हे सगळं सुरू झालं ते वेबसाइटपासून. झेरॉक्सच्या दुकानावर पोटमाळा काढून एका हुशार मुलाने 'डिजिटल सोल्युशन्स' थाटलंय. त्याने मला पटवलं की गिऱ्हाईक आता रस्त्याने येत नाही, मोबाइलमधून येतं. वेबसाइट तयार झाल्यावर त्याने ती स्वतःच्या दाराएवढ्या पडद्यावर दाखवली. सोनेरी गव्हाचं शेत, मावळतीचा सूर्य, आणि मधोमध युरोपातली पवनचक्की. मी विचारलं, हे काय? तर म्हणे, 'फ्लोअर मिल' शोधल्यावर हाच फोटो फुकट मिळतो. त्यानंतर कुपवाडच्या एका माणसाने मला गंभीरपणे विचारलं की वारा पडला की दळण राहतं का. लाइट गेली की राहतं, हे उत्तर ऐकून तो निराश झाला.

हीच वेबसाइट मोबाइलवर उघडली की पवनचक्कीचं नुसतं एक पातं दिसायचं. आमचा फोन नंबर त्या चित्रातच रंगवलेला, तो पात्याच्या मागे. चुकूनमाकून दिसलाच तरी त्यावर बोट ठेवून फोन लागायचा नाही, कारण ते चित्र. लोक तळहातावर नंबर लिहून घ्यायचे आणि मग लावायचे. इथन मार्कोट नावाच्या अमेरिकन डिझायनरने २०१० सालीच लिहून ठेवलंय की पान एकच करावं आणि पडद्याच्या मापाप्रमाणे त्याची मांडणी आपोआप बदलावी. त्या गोष्टीला दीड दशक झालं. पोटमाळ्यापर्यंत ती पोचायची आहे, जिना अरुंद आहे.

वेबसाइटच्या पत्त्याचीही तीच तऱ्हा. मी म्हटलं, पत्ता मराठीत घे, '.भारत' असं देवनागरी शेपूट २०१४ पासून मिळतं. मुलगा म्हणाला, "काका, ते टाइप कोण करणार?" आणि दुकानाच्या पाटीचं म्हणाल तर कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानालाही ती मराठीत लागते, आणि मराठी अक्षरं बाकीच्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणजे भिंतीवर मराठी सक्तीची आणि खिशात ती टाइप करायला कुणी नाही.

बरं, नकाशावरच्या या नोंदीत विचारतात काय? व्हीलचेअर आत येते का. आगाऊ वेळ ठरवायची लिंक द्या. जे गिऱ्हाईक खरोखर फोन करून विचारतं, त्याला जागाच नाही. आत्ता गिरणीवर काय चालू आहे? दगडाला टाकी कधी लावली? डंकावर मिरची चालू असेल तर खोकल्याचं पोर बरोबर आणू का? उपवासाची भाजणी कशावर टाकणार? माझ्या धंद्याची सगळी अब्रू या शेवटच्या प्रश्नात आहे, आणि त्यासाठी तिथे एक रकाना नाही. पार्किंगसाठी मात्र रकानेच रकाने.

असो. तर 'कायमचे बंद' काढायला गेलो, तर नकाशावाले म्हणाले, मालकी सिद्ध करा. व्हिडिओ काढून. न थांबता, न कापता, एका दमात. त्यात आजूबाजूचा रस्ता दिसला पाहिजे, पाटी दिसली पाहिजे, आतली यंत्रं दिसली पाहिजेत, आणि मालकाशिवाय दुसरं कुणी करू शकणार नाही असं काहीतरी करून दाखवलं पाहिजे. उदाहरणार्थ, किल्लीने शटर उघडणं किंवा गल्ला उघडणं.

आता शटर उघडून दाखवायचं तर ते आधी लावलेलं हवं. म्हणजे गिरणी चालू आहे हे सिद्ध करायला मला भर सकाळी गिरणी बंद करावी लागली. गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, डबे फुटपाथवर मांडले, शटर ओढलं, कुलूप घातलं. तेवढ्यात रस्त्याने जाणारा एक स्कूटरवाला थांबून म्हणाला, "शेवटी केलीच का बंद? नकाशावर बघितलं होतं मी."

रिक्षा स्टॉपवरून सुरुवात केली. रिक्षावाले केस सारखे करून उभे राहिले. त्यांना वाटलं रील आहे. पाटी घेतली. कुलूप उघडलं. एका हातात मोबाइल आणि एका हाताने शटर वर ढकलणं, हे ज्याने ठरवलं त्याने आयुष्यात शटर उघडलेलं नाही. आत गिरणी, डंक, आणि मधेच दोन्ही हात कमरेवर ठेवून मिशीला पीळ देत असल्याच्या थाटात आमचं पोरगं. त्याला अजून मिशी नाही. मग गल्ला. गल्ल्यात सुटी नाणी, दोन उधारीच्या चिठ्ठ्या आणि खोकल्याची गोळी. पैसे असतात ते गल्ल्याबाहेर चिकटवलेल्या चौकोनात. जपानमध्ये १९९४ साली मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला काढलेला तो क्यूआर कोड आज आमच्या दळणाचे पैसे घेतो, आणि नेमका त्याच क्षणी घेऊन मोठ्याने बोललाही: "साठ रुपये प्राप्त झाले." मला वाटलं, याहून मोठा पुरावा काय हवा!

व्हिडिओ नामंजूर. स्पष्ट दिसत नाही. भिंगावर पीठ बसलं होतं. गिरणीत दुसरं काय बसणार? पुन्हा डबे फुटपाथवर, पुन्हा शटर.

आणि इथे मला खरंच राग येतो. बंद म्हणायला कुणाचंही एक बोट पुरतं, ना नाव ना पत्ता. चालू म्हणायला मला शटर, गल्ला, गल्ली आणि तोंड दाखवावं लागतं, आणि मग 'पडताळणी सुरू आहे' वाचत बसावं लागतं. बोलायला माणूस नाही. तक्रारीचा नंबर दाबला की पर्याय येतात, आणि त्या पर्यायांतून फिरून पहिल्याच पर्यायावर आपण परत येतो. याउलट, "सर, आपको पहले पेज पर लाएंगे," असं म्हणणारी पोरं रोज न चुकता फोन करतात. आमची गिरणी बंद आहे हे फक्त त्यांनाच कधी दिसलं नाही. चटणीच्या हंगामात, जेव्हा डंकावर मिरचीचे डबे भल्या पहाटेपासून लागतात, तेव्हा गिऱ्हाईक कमी आलं तर मला वर्षभर ते भरून काढता येत नाही, हे मी कुणाला लिहू? पाटी बघायला माणूस येतो, त्याला निदान चहा तरी पाजता येतो.

अखेर नोंद मंजूर झाली. पोटमाळ्यावरच्या मुलाने उत्साहाने सगळे रकाने भरून टाकले आणि वेळेच्या ठिकाणी 'चोवीस तास उघडे' लिहिलं. का, तर जास्त वेळ उघडं दिसलं की नाव वर येतं म्हणे. नाव वर आलं. रात्री अडीचला एका बाईंचा फोन आला, सकाळी लवकर पाहुणे यायचेत, थालीपिठाची भाजणी आत्ता दळून मिळेल का? मी म्हटलं, गिरणी बंद आहे. तर म्हणाल्या, "पण इथे चालू दाखवतंय."

वेळ बदलायचा अर्ज दिलाय, तो प्रलंबित आहे. तोवर रात्री मोबाइल बंद करून झोपतो. त्याबद्दल आजच पहिला अभिप्राय आला: 'फोन उचलत नाहीत. पवनचक्की छान.' एक तारा.