बिनतुपाचा पाहुणचार

आमच्याकडं पाहुणा किती जवळचा, हे त्याच्या पानातल्या तुपावरून कळतं. लांबचा असेल तर चमचाभर, जवळचा असेल तर वाटीभर, आणि जावई किंवा भाची असेल तर "बस, बस" हे शब्द वाढणाऱ्या बाईला ऐकूच यायचे नसतात. लातूरच्या अशा घरात माझ्या वन्संची लेक पुण्याहून येळवशीच्या सणाला यायची होती. ती यायच्या आदल्या दिवशी वन्संचा फोन आला. "वहिनी, ती व्हीगन झालीय बरं का. दुधाचं काही चालत नाही तिला."

फोन स्पीकरवर होता. सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

"पोट बिघडलंय का लेकराचं?"

"नाही गं आई, पोट चांगलंय. तिचं तिनंच सोडलंय."

"मग काशीला जाऊन आली का?"

यात चेष्टा नव्हती. खाण्याची वस्तू सोडायची ती एकतर डॉक्टरनं सांगितलं म्हणून, नाहीतर काशीला जाऊन. तिसरं कारण त्यांना माहीत नाही. त्या स्वतः काशीला गेल्या तेव्हा पडवळ सोडून आल्या, जे त्यांना तसंही आवडत नव्हतं. आणि ही पोरगी काशीचं तोंड न पाहता दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर असं सगळं एका दमात सोडून बसलेली. मधसुद्धा चालत नाही म्हटल्यावर सासूबाईंनी लसणाची सुपली बाजूला सारली. "मग खायलीय तरी काय ती?"

"भाज्या, शेंगा," वन्सं म्हणाल्या. तेवढं एकच वाक्य आमच्या ह्यांनी ऐकलं आणि पिशवी उचलली.

ह्यांना बाजारात पाठवलं की भाजी एकच येते, पण महिनाभराची येते. मंडईत दिवस कलताना जायचं, मावशीनं शेवटचा ढीग स्वस्तात लावला की घासाघीस न करता उचलायचा आणि घरी येऊन जिंकल्यासारखं तोंड करायचं. त्या दिवशी बिनीसच्या शेंगांचा ढीग आला. पुस्तकात जिला फरसबी किंवा श्रावणघेवडा म्हणतात, ती. कोवळी शेंग मोडली की काडकन आवाज येतो. ह्यांच्या शेंगा आधी वाकायच्या, मग विचार करायच्या आणि मग कुठं मोडायच्या. काही इतक्या जून होत्या, की सालीवरून आतले दाणे मोजता यावेत. "ताज्या आहेत," हे म्हणाले. ढीग विकून मावशी आपल्या गावाला निघून गेली होती, त्यामुळं तिचं मत घेता आलं नाही.

आता शिरा काढणं. हे काम काही लिहिण्याजोगं नाही, पण आयुष्याचा बराच भाग त्यात गेलाय, म्हणून लिहिते. देठाचं टोक पुरतं न तोडता नुसतं मोडायचं आणि हलक्या हातानं खाली ओढायचं. शीर दोऱ्यासारखी निघत येते, शेंगेच्या मध्यावर आली की तुटते. मग शेंग उलटी धरायची, शेपटीचं टोक मोडायचं आणि दुसऱ्या बाजूनं ओढायचं. तीही मध्यावरच तुटते. उरलेली शीर सुरीच्या टोकानं उचकटावी, तर तिच्याबरोबर निम्मी शेंग निघते. आणि एवढं करूनही जेवताना नेमकी ह्यांच्याच दातात एक शीर सापडते, आणि हे ती सगळ्यांना दिसेल अशी ताटाच्या कडेला लावून ठेवतात.

भाची आली, आजीच्या पाया पडली आणि कौतुकानं माझ्यासमोर शेंगा निवडायला बसली. पाच-सहा शेंगा झाल्यावर तिनं मोबाइल काढला. "मामी, बिनशिरेची शेंग १८९४ सालीच तयार झालीय. अमेरिकेत कॅल्विन कीनी म्हणून होता, त्यानं केली."

म्हणजे टिळकांनी गणपती चौकात आणला त्याच सुमाराला त्या भल्या माणसानं बायकांच्या बोटांचा विचार केला होता. ते बियाणं आमच्या मावशीच्या ढिगापर्यंत यायला अजून किती वर्षं लागणार, हे विचारायची सोय नव्हती.

मुलीचं एक चांगलं होतं. हातात घेतलेल्या वस्तूची ती कुंडली काढायची. ही शेंग म्हणजे राजम्याचंच झाड, कोवळी तोडली तर भाजी आणि वाळू दिली तर राजमा. मूळ अमेरिकेतलं. सासूबाईंनी लगेच जाहीर केलं, की परदेशी भाजी नैवेद्याला चालणार नाही. तर ही म्हणते, "आजी, मिरची पण तिकडचीच. आणि शेंगदाणे पण." सासूबाई गप्प झाल्या. मिरची आणि शेंगदाण्याचं कूट वगळलं तर मराठवाड्याच्या स्वयंपाकात उरतं काय? फोडणीतली हळद तेवढी आपल्या वसमतची, तिच्यावर कुणाला बोट ठेवता येणार नाही.

खरी लढाई गॅसवर झाली. भाजीत भांडण्यासारखं काही नव्हतं. करडईचं तेल, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, बारीक चिरलेल्या शेंगा, मीठ आणि शेवटी कूट. भांडण झालं झाकणावरून. सासूबाईंची रीत म्हणजे कढईवर ताट आणि ताटात पाणी. भाजी वाफेवर शिजते, खाली लागत नाही, आणि ताटातलं गरम पाणी पाहिजे तेव्हा भाजीत ओतता येतं. भाचीचं म्हणणं, झाकण ठेवायचंच नाही. शेंग शिजताना तिच्यातली आम्लं वाफेबरोबर उडून जायला पाहिजेत. झाकण ठेवलं की ती परत भाजीतच पडतात, हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि भाजी शेवाळी दिसते.

"शेवाळी दिसली तर दिसू दे की. खायचीय का फोटू काढायचाय?" सासूबाईंनी विचारलं.

फोटोच काढायचा होता, हे आम्हाला नंतर कळलं.

तिचा उपाय असा: मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळायचं, मीठ टाकायचं, शेंगा त्यात तीन-चार मिनिटं ठेवायच्या आणि निथळून थेट बर्फाच्या पाण्यात टाकायच्या. शिजणं तिथल्या तिथं थांबतं, रंग हिरवागार राहतो.

"आन् ते पाणी?"

"ओतून द्यायचं."

स्वयंपाकघरात शांतता पसरली. पोरीच्या लक्षात आलं नाही, ती पुण्यात वाढलेली. पण हे लातूर आहे. एप्रिल २०१६ मध्ये या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात भाजी धुतलेलं पाणी कुंडीला आणि कपडे धुतलेलं पाणी संडासाला जायचं, आणि कोणतं पाणी कुठल्या बादलीत याचा हिशेब सासूबाईंकडं असायचा. पाहुणा आला की "पाणी घेता का?" हे जरा दबकतच विचारलं जायचं. त्या बाईला नातीनं दोन पातेली पाणी चार शेंगांसाठी ओतून द्यायला सांगितलं.

"माय, हे पानी रेल्वेनं आलंतं," असं म्हणून सासूबाईंनी उकळीचं पातेलं स्वतःकडं ओढलं. ती रेल्वे बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, पण हे त्यांना कोण सांगणार? त्या पाण्यात त्यांनी येसर कालवलं, वर लसणाची फोडणी दिली, आणि बघता बघता आमटी तयार. येसर म्हणजे धान्यं, डाळ आणि मसाले भाजून केलेलं पीठ. लग्नाच्या पंगतीत पाचशे माणसांची आमटी दाट करायची ताकद त्यात असते, तिथं शेंगांचं पाणी म्हणजे किरकोळ. बर्फाच्या पाण्याची बादली कुंड्यांना गेली. गारठलेल्या तुळशीबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही.

एका बाबतीत आजी आणि नात यांचं जमलं. "चिंच आधी टाकली की शेंग दगडावानी ऱ्हाती," सासूबाई म्हणाल्या. नातीनं मोबाइल बघून मान डोलावली. आंबटामुळं शेंग मऊ व्हायला वेळ लागतो. कच्च्या शेंगांची कोशिंबीर करायचा तिचा बेतही आजीनं "पोटात दुखतंय" म्हणून मोडला होता, तेही बरोबर निघालं. राजम्यात जे पोट बिघडवणारं द्रव्य असतं ते कच्च्या शेंगेतही थोडं असतं, शिजवलं की जातं. सासूबाई दिवसभर खुशीत होत्या. विज्ञानानं त्यांना दुजोरा दिला होता, तोही मोबाइलवरून.

मग चहा. दुधाशिवाय चहा म्हणजे कोरा चहा, आणि आमच्याकडं कोरा चहा म्हणजे एकतर दूध फाटलेलं, नाहीतर घरात काही कमीजास्त झालेलं. शेजारच्या काकू डोकावल्या, भाचीच्या कपाकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "सगळं बरं आहे ना?" अर्ध्या तासात त्यांच्याकडून पातेलंभर दूध आलं. परत करावं तर अपमान, घ्यावं तर भाचीसमोर तेच पातेलं. तेव्हा ह्यांना सोयाबीनचं दूध आणायला धाडलं. आता गंमत बघा, सोयाबीनचा भाव लातूरला काय फुटला हे साऱ्या महाराष्ट्रातला शेतकरी विचारतो. पोती, गोण्या, ट्रक, तेलाच्या मिला, सगळं सोयाबीनचं. आणि आमच्या बाजारातल्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्या सोळा रस्त्यांवर ह्यांना सोयाबीनचं दूध मिळालं नाही. एका दुकानदारानं सोयाबीनच्या वड्या दिल्या आणि "पिळून बघा" म्हणाला.

पण या आठवड्यात मला सगळ्यात जास्त छळलं ते आमच्या रोजच्या जेवणानं. पोरगी ताटावर बसायची आणि एकेका पदार्थाकडं बोट दाखवून विचारायची. ज्वारीची भाकरी? पीठ आणि पाणी. "व्हीगन!" ठेचा? "व्हीगन!" कारळाची चटणी, जवसाची चटणी, पीठ पेरून केलेल्या शेंगा, पातीचा कांदा, येसराची आमटी, सगळ्याला तेच. डोळे चमकायचे तिचे. "आजी, तुम्ही पहिल्यापासून व्हीगनच आहात की! पुण्यात असल्या ताटाला केवढे पैसे घेतात माहितीय?"

सासूबाईंचं तोंड उतरायचं. भाकरी-चटणी म्हणजे आपण आपलं खायचं. दुष्काळात खाल्लं, रोजगारावर जाताना फडक्यात बांधून नेलं. त्यात दूध-तूप नव्हतं, कारण घरातलं दूध डेअरीला जायचं आणि तूप पाहुण्याला. इतकी वर्षं जे झाकून ठेवलं, ते लेकीच्या लेकीला आठवडाभर वाढायचं, आणि वर तिनं त्याचे फोटो काढायचे. "कुणी बघितलं तर म्हनंल, म्हातारीच्या घरात दुभतं नाही," त्या मला म्हणाल्या. मी समजूत घालायला गेले, की इंग्लंडात १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी या लोकांची संस्था काढली, तेव्हापासून दूध न पिणारी माणसं जगभर आहेत. त्यांनी थोडा विचार केला. "त्या वाटसनच्या दारात म्हैस नसंल."

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, सगळे शेतात गेलो. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, केली, पांडव मांडले, पूजा झाली. ह्यांच्या ढिगातल्या उरल्यासुरल्या शेंगा, शिरांसकट, मी भज्जीच्या पातेल्यात ढकलल्या. भज्जीत तुरीचे दाणे, वाटाणा, हरभरा, वाल, गाजर, मेथी, रानात जे हाताला लागेल ते असतं आणि वरून बेसन, त्यामुळं नव्या शेंगेला कुणी गाव विचारत नाही. सोबत बाजरीचे उंडे. भाची मागून मागून जेवली. शेजारच्या रानातून बोलावणं आलं, तिथंही जेवली. आंबिलाचा तांब्या समोर आला तेव्हा मात्र तिनं विचारलं, "यात काय असतं?"

"ज्वारीचं पीठ," सासूबाई म्हणाल्या. थोडा वेळ गेला. मडक्याकडं बघत त्यांनी पुढचं सांगितलं, "आन् ताक."

खोटं बोलायची एवढी सुंदर संधी त्यांनी सोडली, याचं मला आजही नवल वाटतं. भाचीनं तांब्याला नमस्कार केला आणि पुढं सरकवला.

जाताना शिदोरीत शेंगदाणा-गुळाचे लाडू होते. त्यात तूप लागत नाही हे सासूबाईंनी स्वतःच हेरलं होतं, आणि आता एकदा सापडलं म्हटल्यावर त्यांनी डबा झाकण लागेना इतका भरला. येसराची पिशवी, कारळाची चटणी, जवसाची चटणी, भाकरी. पोरीला बॅगेतले दोन ड्रेस आमच्याकडंच ठेवून जावे लागले.

दोन दिवसांनी वन्संचा फोन. मी हौसेनं स्पीकर लावला.

"वहिनी, लेकरू किती वर्षांनी आजोळी आलं आणि तुम्ही त्याला आठवडाभर शेंगा आणि भाकरीवर काढलंत? फोटो बघितले मी. चुलतसासूबाईंनी पण बघितले. मला म्हणतात, तुझ्या माहेरी एवढी ओढाताण आहे का? निदान पानाच्या कडेला एक चमचा तूप तरी!"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"मला कामून इचारायलीस? त्या वाटसनला इचार."