तीनशे स्क्वेअर फूट हरळी

नेरुळला रो हाउस घेतलं तेव्हा बायकोला किचन आवडलं, पोरीला गच्ची आवडली आणि मला पुढची तीनशे स्क्वेअर फूट मोकळी जागा. तिघांत पस्तावलोय तो मी एकटाच.

लॉन करायचं डोक्यात बसलं होतं. नर्सरीवाला म्हणाला, सर दिवसभर ऊन येतं ना मग बर्म्युडा लावा, सावलीत ते टिकत नाही, कोरियन दिसायला भारी पण पसरायला फार वेळ खातं. मी लगेच हो म्हणालो. बर्म्युडा नाव ऐकूनच अर्धी चड्डी घालून खुर्ची टाकून बसावंसं वाटतं. माळी येऊन काड्या टोचून गेला, याला ते लोक डिबलिंग म्हणतात, आणि डिबलिंग म्हटलं की बिल वाढतं.

महिन्याभरात गावाहून अण्णा आले. आमची शेती बार्शीकडं, काळ्या रानातली. गेटमधनं आत आले, पिशवी खाली ठेवायच्या आधीच वाकले, एक काडी उपटली, कांडं निरखलं आणि मग मला निरखलं.

"आरं, ही हरळी हाय."

"अण्णा, बर्म्युडा आहे ते."

"हरळी हाय. किती दिलंस?"

मी आकडा निम्मा करून सांगितला तरी ते पायरीवर बसले. माणसानं अख्खं आयुष्य ही हरळी कुदळीनं खणून काढण्यात घातलेलं, वरनं धुमारे पळतात, खालनं मुळ्या, एक कांडं मागं राहिलं तरी पुढच्या वर्षी परत हजर, आणि पोरगं तीच विकत आणून वर तिला पाणी घालतंय. शास्त्रात बघाल तर अण्णाच बरोबर. सायनोडॉन डॅक्टिलॉन. बर्म्युडा म्हणा, हरळी म्हणा, दूर्वा म्हणा, गवत तेच.

पण गंमत पुढंच आहे, बार्शीला जी मारता मरत नाही ती नेरुळला जगवता जगेना! कारण खाली भरावाची चिकण माती, त्यात बांधकामाच्या वेळी वरनं विटांचे ट्रक फिरलेले. या मातीचे कण इतके बारीक की एकदा दाबून बसले की मध्ये ना हवा शिरते ना पाणी. पावसात डबकं, आणि ऑक्टोबरात अशा भेगा की पोरीचं एक रुपयाचं नाणं उभं आत गेलं ते आजतागायत आतच आहे. शेजारच्या काकांनी सांगितलं रेती टाका, मी चार गोणी मिसळली. चिकण मातीत अशी थोडीथोडकी रेती घातली की काय होतं ते मला आता माहितीये, वीट होते. काका मग म्हणाले जिप्सम टाका, पण ते चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या जमिनीला उपयोगी, सगळ्या दुखण्यांवर एकच गोळी नसते ती, तोवर मी काकांचं ऐकणंच बंद केलेलं.

दुसऱ्या पावसाळ्यात यूट्यूबवर 'एरेशन' कळलं, म्हणजे जमिनीला भोकं पाडायची. त्यासाठी खिळ्यांच्या चपला ऑनलाइन मिळतात. मी मागवल्या, रात्रभर पाऊस पडून गेलेला, सकाळी घालून उतरलो, पहिलं पाऊल मस्त रुतलं, दुसरंही रुतलं, तिसरं टाकायला गेलो तर पाय वर आला आणि चप्पल जमिनीतच. मी बगळ्यासारखा एका पायावर, समोरच्या बाल्कनीतले लोक चहाचा कप तसाच हातात धरून बघतायत, आणि अण्णा दारातनं शांतपणे, "वाफसा तरी बघायचास."

वाफसा! वीस मिनिटांच्या व्हिडिओत जे सांगितलं नाही ते एका शब्दात. मूठभर माती दाबायची, लाडू झाला पाहिजे आणि टिचकी मारल्यावर तो फुटलाही पाहिजे. नुसता लाडूच राहिला तर ओल जास्त, पाय ठेवायचा नाही, आणखी दाबून बसते. लाडू झालाच नाही तर कोरडी, काटा आत जायचा नाही. चार दिवस उघाड मिळाली तेव्हा आम्ही दोघांनी बागेच्या काट्यानं वीतभर अंतरावर भोकं पाडली आणि चाळलेलं कंपोस्ट खराट्यानं आत लोटलं. तेवढ्या एकाच कामानं फरक पडला, बाकी सगळे पैसे पाण्यात, नव्हे डबक्यात.

(युरियाचं थोडक्यात सांगतो. ४६ टक्के नत्र असतं त्यात. भर उन्हात मुठीनं फेकला आणि पाणी द्यायला विसरलो. जिथं जिथं मूठ पडली तिथं तिथं गवत जळून पिवळं. लव्हाळ्याला मात्र काही झालं नाही, त्याच्या खाली गाठींची माळच असते, वरनं कितीही उपटा.)

गणपतीपर्यंत लॉन खरंच हिरवंगार झालं. पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी मी मशीन फिरवलं. एका वेळी एक तृतीयांशाच्या वर कापू नये हे मला पाठ होतं, पण एकसारखं दिसावं म्हणून अजून थोडं, अजून थोडं करत शेवटी लष्करात भरती होणाऱ्या पोरासारखं दिसायला लागलं.

सकाळी सोवळ्यातनं बायकोचा आवाज, "अहो, दूर्वा आणा!"

तीनशे स्क्वेअर फूट दूर्वांचा मालक मी, गुडघ्यावर रांगून मला तीन पानांच्या चारच मिळाल्या. अण्णा काही न बोलता बाहेर गेले आणि पाच मिनिटांत मूठभर घेऊन आले, कोवळ्या, लांब, लुसलुशीत. गेटबाहेरच्या पेव्हर ब्लॉकच्या फटीतनं.

एकवीस मोजून जुडीला दोरा बांधता बांधता त्यांनी विचारलं, "तो तुझा माळी, फूटपाथबी त्योच बघतो का रं?"