खुलासा : पॉइंट २२ आणि पॉइंट २२३ एक नव्हेत

इंदूरजवळ शेती असलेल्या आपल्या मंडळींत एक निरोप फिरतोय : 'पॉइंट २२ आणि पॉइंट २२३, दोन्ही गोळ्यांची जाडी सारखीच. अमेरिकेत पॉइंट २२३नेच डुकरं, हरणं मारतात. तेव्हा पॉइंट २२ची रायफल रानडुकराला पुरे.' हे चूक आहे, आणि धोक्याचंही.

जाडी जवळपास सारखी, हे खरं. पण पॉइंट २२ एलआरची (लाँग रायफल, म्हणजे पॉइंट २२चं नेहमीचं काडतूस) ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी नळीतून सुटते तेव्हा तिची ऊर्जा साधारण १८० जूल असते. पॉइंट २२३च्या ५५ ग्रेनच्या गोळीची साधारण १७००. त्यातही कोल्ह्यासारख्या लहान जनावरासाठीची पातळ कवचाची गोळी डुकराच्या खांद्यावर वरवरच फुटू शकते. तिथे आत शिरून मग पसरणारी लागते. हरणासाठी अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात किमान पॉइंट २४ इंच जाडीची गोळी लागते, म्हणजे ही दोन्ही बाद. कमी ताकदीच्या गोळीने डुक्कर जखमी होऊन मक्यात शिरतं, तडफडतं आणि सकाळी कापणीला आलेल्या बाईवर धावून जातं.

आपल्याकडे तर गोळीचा प्रश्न नंतरचा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. पीकरक्षणाचा बंदूक परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. पीक उद्ध्वस्त करणाऱ्या डुकरासाठीही मुख्य वन्यजीव रक्षकांचा किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश आधी हातात हवा.