ती बाई नाही, योहान आहे
काल वसईहून मावशीचा फोन. "अरे, जेवणाच्या टेबलावर आपलं चित्र आहे ना, त्यात येशूच्या शेजारी बाई बसलीय म्हणे. काढून ठेवू का फ्रेम?" तीस वर्षं त्या फ्रेमखाली प्रार्थना म्हणून जेवलेली बाई एका फॉरवर्डमुळे असं विचारते, म्हणजे काय!

फ्रेममधलं चित्र म्हणजे लिओनार्दो दा विंचीने मिलानमध्ये भिंतीवर काढलेलं 'लास्ट सपर', येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण. फॉरवर्डमध्ये त्याची चार 'रहस्यं' आहेत. येशूच्या उजव्या हाताला त्याची अनुयायी मग्दालेना मरिया, सुरी धरलेला पण कुणाचाच नसलेला हात, गायब प्याला, आणि येशू नि त्याला धरून देणारा यहूदा दोघांना एकच मॉडेल, तेही २५ वर्षांच्या अंतराने.

आधी डोकी मोजा. तेरा आहेत, येशू आणि बारा शिष्य. ती मरिया असेल तर बारांतला योहान कुठे गेला? चेहरा नाजूक आहे, पटकन बाईचा वाटतो, हे मान्य. पण फ्लॉरेन्समध्ये योहान असाच काढायचे, बिनदाढीचा कोवळा पोरगा. याच जेवणाची तिथल्या चित्रकारांची चित्रं बघा, कास्तान्योचं १४४७ चं, गिर्लांदायोचं १४८० चं. आणि तो येशूपासून लांब का झुकलाय? योहानाच्या शुभवर्तमानाचा १३ वा अध्याय काढा. तुमच्यातलाच एक मला धरून देणार असं येशू म्हणतो, आणि पेत्र नावाचा शिष्य योहानाला खुणावतो, विचार ना कोण ते. चित्रात तेच चाललंय, पेत्र खांद्याला हात लावून पुढे वाकलाय, योहान त्याच्याकडे कान देतोय, म्हणून येशू आणि योहानाच्या मधे व्ही सारखी जागा पडलीय, बाकी काही नाही.

सुरीचा हात पेत्राचाच आहे, मनगट मागे वळवून कमरेशी धरलेलं. मूळ चित्र कोरड्या गिलाव्यावर काढलं म्हणून लवकरच पोपडे सुटले, १६५२ मध्ये तर भिंतीत दरवाजा पाडताना येशूचे पायच गेले. म्हणून लिओनार्दोचा अनुयायी जाम्पिएत्रिनो याची १५२० च्या सुमाराची कॉपी बघा, लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या मालकीची. मूळ चित्राच्या दुरुस्तीतही तिचा आधार घेतला. तिच्यात बाही, मनगट, सुरी सगळं सलग दिसतं, यहूदाच्या हाताशी सांडलेलं मीठसुद्धा. त्याच रात्री बागेत येशूला पकडायला आलेल्यांपैकी एकाचा कान पेत्रच कापतो, सुरी ही त्याचीच खूण.

मोठा प्याला नाही हे खरं, पण टेबलावर द्राक्षारसाचे ग्लास आहेत की.

मॉडेलची गोष्ट तर साफ खोटी. चित्र साधारण १४९५ ते १४९८ मधलं, १४९९ ला लिओनार्दोने मिलान सोडलं. २५ वर्षं आणली कुठून?

मावशी, फ्रेम आहे तिथेच राहू दे. आणि ज्याने पाठवलं त्याला विचार, योहान कुठे गेला.