वैमानिकाची आजारपणाची रजा आणि निदान विचारण्याचा अधिकार

माझ्या नात्यातील एक वैमानिक कानाच्या संसर्गामुळे रजेवर असताना त्याला वरिष्ठांचा फोन आला. डॉक्टरांचे प्रमाणपत्र त्याने आदल्याच दिवशी पाठवले होते. तरीही नेमके काय झाले आहे, कोणती औषधे चालू आहेत, पूर्वी असे कधी झाले होते का, अशी विचारपूस झाली, आणि शेवटी डॉक्टरांकडील सर्व कागदपत्रे कंपनीला पाहू देण्याच्या संमतीपत्रावर सही मागण्यात आली. त्याने सही केली. नोकरी ज्यांच्या हातात आहे त्यांनीच मागितलेल्या संमतीला संमती म्हणावे का, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

वैमानिकाच्या आजारपणाची तुलना इतर नोकऱ्यांशी करता येत नाही. साधी सर्दी झालेला माणूस टेबलावर बसून दिवस काढू शकतो. मात्र विमान खाली उतरू लागते तेव्हा केबिनमधील हवेचा दाब वाढत जातो, आणि मधला कान व घसा यांना जोडणारी नळी सर्दीने बंद असेल तर तो दाब कानाच्या पडद्यावर येऊन असह्य वेदना होतात, कधी चक्करही येते, आणि हे सारे नेमके लक्ष सर्वाधिक एकाग्र असायला हवे त्या मिनिटांत घडते. सर्दीच्या अनेक औषधांनी गुंगी येते, ती वेगळीच. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ नुसार, आपली शारीरिक वा मानसिक क्षमता सुरक्षित उड्डाणात बाधा येईल इतकी घटली आहे याची जाणीव असताना वैमानिकाने परवान्याचा वापर करता कामा नये. अमेरिकेत हेच बंधन संघीय विमान वाहतूक नियमांचे कलम ६१.५३ घालते. म्हणजे ‘मी आज अनफिट आहे’ असे कळवणारा वैमानिक सवलत मागत नसतो, तो कायद्याने सोपवलेले कर्तव्य बजावत असतो. रजांची संख्या मोजून त्याला खुलाशासाठी बोलावणारा नियम त्याच कर्तव्याच्या आड येतो.

रजेचा गैरवापर होतो, हे मला मान्य आहे. ऐनवेळी कोणी गैरहजर राहिले की स्टँडबायवरील, म्हणजे राखीव ठेवलेल्या, सहकाऱ्याला धावपळ करावी लागते, उड्डाणे रद्द होतात, आणि हे रोखण्यासाठी पडताळणी करण्याचा कंपनीचा हक्कही योग्यच आहे. परंतु पडताळायचे काय? हा माणूस उड्डाणास अपात्र आहे का आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढेच कंपनीला हवे असते. रोस्टर, म्हणजे कोणी कोणते उड्डाण करायचे याचे वेळापत्रक, लावायला निदानाची गरज पडत नाही. जर्मनीत आजारपण ३ दिवसांहून अधिक लांबले की प्रमाणपत्र लागते, पण मालकाला कालावधी कळतो, निदान कळत नाही. अमेरिकेच्या कौटुंबिक व वैद्यकीय रजेच्या नियमांत तर कर्मचाऱ्याच्या थेट वरिष्ठाने त्याच्या डॉक्टरांशी संपर्क साधण्यास स्पष्ट मनाई आहे. ब्रिटनमध्ये पहिल्या ७ दिवसांसाठी कर्मचाऱ्याचे स्वतःचे निवेदन पुरते, आणि हे मला विशेष शहाणपणाचे वाटते, कारण दोन दिवसांच्या तापासाठी केवळ कागद मिळवण्याकरिता दवाखान्यात ताटकळण्याने कोणाचेच भले होत नाही.

या मुद्द्यावर जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या अपघाताचा दाखला नेहमी दिला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २४ मार्च २०१५ रोजी सहवैमानिकाने जाणूनबुजून विमान आल्प्स पर्वतात आदळवले आणि त्यातील सर्व १५० जण मृत्युमुखी पडले. डॉक्टरांनी त्याला काम करण्यास अयोग्य ठरवले होते, पण ते त्याने कंपनीला कळू दिले नाही. यावरून ‘कंपनीला सगळे कळायला हवे’ असा निष्कर्ष काढला जातो. मला तो चुकीचा वाटतो. फ्रान्सच्या तपास यंत्रणेने दोन गोष्टी ठळकपणे मांडल्या: सार्वजनिक सुरक्षेला धोका दिसल्यास डॉक्टरांनी गोपनीयता केव्हा मोडावी याचे नियम स्पष्ट नव्हते, आणि उड्डाणाचा हक्क व उत्पन्न गमावण्याच्या भीतीने वैमानिक आजार लपवतात. पहिल्या दोषावर उपाय म्हणजे गंभीर धोक्याची माहिती डॉक्टरांकडून नियामक यंत्रणेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जाण्याचा नेमका मार्ग. दुसऱ्या दोषावर उपाय म्हणजे सहकारी वैमानिकांचे साहाय्य गट आणि परवाना गेल्यास मिळणारे आर्थिक संरक्षण. या दोन्हींत रोस्टर विभागाच्या हाती निदान देण्याची गरज कुठेच येत नाही. उलट त्या विभागाच्या धास्तीने वैमानिक डॉक्टरांकडे जाणेच टाळू लागला, तर नियामकालाही काही कळणार नाही.

शंका असेल तर कंपनीने ती विमानवैद्यकाचे प्रशिक्षण घेतलेल्या स्वतंत्र डॉक्टरांकडे पाठवावी, त्या डॉक्टरांनी तपासून ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ एवढेच कळवावे, आणि कागदपत्रे त्यांच्याकडेच राहावीत. सरसकट संमतीपत्रे तर बंदच व्हायला हवीत.

माझ्या नातेवाइकाने आपली संमती मागे घेत असल्याचे लेखी कळवून दोन महिने झाले. कंपनीकडून अद्याप उत्तर आलेले नाही.