बोअर केलेल्या इंजिनात पहिल्याच दिवशी सिंथेटिक ऑइल? जरा थांबा

‘इंजिनचं काम केलंय ना, मग पहिल्यापासूनच महागातलं सिंथेटिक टाका’ असा सल्ला सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. जुन्या बाइकच्या बोअर-पिस्टन कामाला (झिजलेला सिलिंडर आतून मोठा करून नवा पिस्टन बसवणं) तो लागू नाही. होनिंगनंतर, म्हणजे सिलिंडर आतून बारीक घासल्यावर, त्याच्या भिंतीवर बारीक तिरक्या रेघा उमटतात. पिस्टनवरच्या रिंगा त्यांच्यावर घासूनच भिंतीला घट्ट बसतात. ऑइल फार निसरडं असलं तर हे बसणं लांबतं, आणि रिंगा बसल्याच नाहीत तर ऑइल जळून सायलेन्सरमधून निळा धूर! म्हणून आधी साधं मिनरल, पण मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं. पहिल्या ५०० किलोमीटरच्या आत ते बदला. काढलेल्या ऑइलमध्ये थोडी चंदेरी चमक दिसली तर घाबरू नका, ती घासलेल्या धातूची असते. (कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येणाऱ्या गाड्यांची गोष्ट वेगळी.) आणि गाडी तासभर स्टँडवर आयडलिंगला ठेवू नका, त्याने रिंगांवर पुरेसा दाबच येत नाही.